शुगर उतरलेलं मूल परवानगी कशी मागणार?

परीक्षा सुरू असताना एखाद्या मुलाचं अक्षर एकाएकी बिघडतं. तोच प्रश्न ते तीनतीनदा वाचतं, कुणी हाक मारली तर खेकसतं. मुलाला टाइप 1 मधुमेह असेल, तर आधी शुगर तपासायची, शिस्तीचं नंतर बघता येईल.

या मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. (गोड खाऊन तो होत नाही, शिक्षकांनाही हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.) मग इन्सुलिन बाहेरून घ्यावं लागतं आणि एकदा टोचलेलं इन्सुलिन परत काढून घेता येत नाही. मधली सुट्टी लांबली किंवा डबा अर्धाच खाल्ला, की साखर घसरते.

ती 70 मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो. 54 च्या खाली मामला गंभीर. मेंदूकडे ग्लुकोजची शिल्लक जवळपास नसतेच, त्यामुळे लक्ष, भाषा, निर्णय सगळंच ढेपाळतं. म्हणजे हात वर करून ‘मला बरं वाटत नाही’ असं सांगायला जे भान लागतं, नेमकं तेच जातं. म्हणून परवानगी आधीच, लेखी देऊन ठेवलेली हवी: वर्गात, जागेवर बसूनच शुगर तपासायची आणि खायचं.

साधारण 15 ग्रॅम साखर पोटात जाईल इतक्या ग्लुकोजच्या गोळ्या किंवा फळांचा रस द्यायचा, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. लहान मुलांना कमी पुरतं. प्रमाण डॉक्टरांनी लिहून दिलेलं असावं. चॉकलेट इथे कुचकामी, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. अशा मुलाला एकट्याने कार्यालयात पाठवणं तर धोक्याचंच. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये. ग्लुकागॉन (रक्तातली साखर वाढवणारं औषध) द्यायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची.

आकडा सावरला तरी डोकं लगेच ताळ्यावर येत नाही, पाऊण तासही लागू शकतो. परीक्षेत वेळ वाढवून देण्यामागचं कारण हे आहे. ती सवलत मेहेरबानी वाटणाऱ्यांनी ते ध्यानात घ्यावं.

साखर चढली की त्रास वेगळा. साधारण 180 च्या वर गेल्यावर मूत्रपिंडं ती लघवीवाटे टाकू लागतात, सोबत पाणीही जातं. तहान आणि लघवी दोन्ही वाढतात. ‘आत्ताच तर जाऊन आलास ना?’ हा प्रश्न इथे गैरलागू.

मोबाइलबंदीचंही तसंच. दंडावर लावलेला शुगर मोजणारा सेन्सर दर काही मिनिटांनी आकडा फोनवर पाठवतो. फोन कपाटात बंद, तर इशारा ऐकणार कोण? पण सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे त्याचा आकडा रक्ताच्या थोडा मागे असतो. लक्षणं आणि आकडा जुळत नसतील तर बोटाला टोचून खात्री करावी.

खेळाच्या तासाला सूट देऊन मुलाला बाकावर बसवून ठेवू नये. व्यायामात स्नायू साखर जास्त ओढतात आणि हा परिणाम कित्येक तास, कधी रात्रीपर्यंत टिकतो. तेव्हा खेळाआधी तपासणी, मैदानावर खाऊ जवळ, आणि त्या दिवशी मूल किती खेळलं हे घरी कळवणं, एवढं शाळेने करावं. वर्गशिक्षक रजेवर असतील तर बदली शिक्षकांच्या हातीही या लेखी परवानगीचा आणि सूचनांचा कागद हवा.