दाराखालून येणारं रक्त: जुन्या भयपटांतल्या खुनांची पार्श्वभूमी

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे मोबाइलवर लघुपट करणारी मंडळी पुष्कळ आहेत. भयपटात खून आला की सुरा, किंकाळी आणि भिंतीवर लाल शिंतोडे ठरलेलेच. खून न दाखवता अंगावर काटा आणायची युक्ती मात्र नव्वद वर्षांपूर्वीची आहे, आणि ती ज्या चित्रपटांत आहे ते आज फारसं कुणी बघत नाही.

डॅनिश दिग्दर्शक कार्ल ड्रायरच्या ‘व्हॅम्पायर’मध्ये (1932) दुष्ट डॉक्टर पिठाच्या गिरणीत अडकतो. वरून पीठ पडत राहतं आणि तो पांढऱ्या ढिगात गुदमरून मरतो. रक्ताचा थेंब नाही, तरी जर्मन सेन्सॉरनं या प्रसंगाला कात्री लावली होती. त्याच सुमारास दिग्दर्शक रूबेन मामुलियननं ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’मध्ये (1931) गळा दाबताना खुनी आणि बळी दोघांना चित्रचौकटीखाली जाऊ दिलं आणि कॅमेरा प्रेमी युगुलाच्या पुतळ्यावर ठेवला.

1934 पासून अमेरिकेत निर्मिती संहिता, म्हणजे चित्रपटात काय दाखवायचं याची नियमावली, कडकपणे लागू झाली. क्रूर हत्या तपशिलात दाखवायची नाही, असं त्यात स्पष्ट होतं. पैशाची तंगी वेगळीच. हॉलिवुडच्या आरकेओ स्टुडिओत निर्माता व्हॅल ल्यूटनला भयपट करायचे होते ते दीड लाख डॉलरच्या आत, 75 मिनिटांपेक्षा कमी लांबीचे, आणि नाव स्टुडिओ देईल ते. या अडचणीतूनच दिग्दर्शक जॅक टुर्नरचा 66 मिनिटांचा ‘द लेपर्ड मॅन’ (1943) आला.

त्यात आई पोरीला रात्री मक्याचं पीठ आणायला पाठवते. परत येताना बिबट्या मागे लागतो. पोरगी दार बडवते. आईला वाटतं, नेहमीचीच सबब. किंकाळी ऐकून ती धावते तर कडी निघत नाही. दारापाशी हे चालू असताना कॅमेरा घरातच. मग आवाज थांबतो आणि दाराखालून रक्ताचा ओघळ आत येतो. हल्ल्यात बिबट्याचा पंजासुद्धा दिसत नाही. भयपटांतल्या सगळ्या खुनांत आम्ही हाच पहिला मानतो, कारण इथे बघणारा आईच्या जागी उभा असतो.

हा प्रसंग आपल्याकडे करताना पहिली अडचण उंबरठ्याची. ओघळ तिथेच अडतो, म्हणून बिनउंबरठ्याचं दार शोधा. धाब्याच्या घरातली सारवलेली जमीन रक्त पिऊन टाकते. शहाबादी फरशी चांगली, तिच्या सांध्यांतून धार आपोआप वाट काढते. उतार आतल्या बाजूला आहे ना, हे आधी पाणी ओतून बघा आणि फरशी ओलीच ठेवा, म्हणजे डागही कमी बसेल.

रक्तासाठी 1 किलो साखर, अर्धा लिटर पाणी, अर्ध्या लिंबाचा रस. लिंबू नसेल तर पाकात खडे धरतात. एकतारी व्हायच्या जरा आधी उतरवा आणि खायचा लाल रंग व चमचाभर कोको घाला. मे महिन्यात पाक पातळ होऊन सरबतासारखा पळतो, तेव्हा थोडा जास्त आटवा. एका टेकला, म्हणजे एकदा चित्रण करायला, वाटीभर पुरतो. चित्रण कृष्णधवल असेल तर लाल रंग फिका राखाडी दिसतो. ‘सायको’त (1960) चॉकलेट सिरप वापरलं ते म्हणूनच.

दिवा एकच ठेवा, बाजूनं आणि जमिनीलगत. ओल्या कडेवर चकाकी येते ती तिरप्या उजेडानं. समोरून फ्लॅश मारला की सांडलेलं सरबतच दिसतं. मोबाइलचं एक्स्पोजर (उजेडाची पातळी) लॉक केलं नाही तर तो अंधार उजळायला जातो आणि चित्र दाणेदार होतं. दार बडवण्याचा आवाज थांबला की लगेच रक्त सोडू नका. तीन-चार सेकंद नुसतं बंद दार राहू द्या.

रंगीत चित्रपटांत ही कला इटालियन दिग्दर्शक मारिओ बाव्हानं वेगळ्या वाटेनं नेली. ‘ब्लड अँड ब्लॅक लेस’मध्ये (1964) खून उघड आहेत, पण लाल, हिरव्या, जांभळ्या उजेडात, जुन्या वस्तूंच्या दुकानातल्या खुनाच्या वेळी तर प्रकाश सतत उघडझाप करतो. कॅमेरा सरकवायच्या ट्रॉलीऐवजी त्यानं लहान मुलाची खेळण्यातली गाडी वापरली होती.

महागडी सामग्री लागत नाही, हे खानदेशाला नवं नाही. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांनी घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडून, उजेड-सावलीच्या खेळातून अख्खी दृश्यं उभी केली. तुम्हीही आधी टेबलावर एक फरशी तिरपी ठेवा, मागे पुठ्ठ्याचं दार लावा, एक बॅटरी बाजूनं धरा आणि दोन चमचे पाक सोडून बघा. धार कुठे थबकते, कडा कधी चमकते ते तिथेच कळेल. दिव्याची जागा खडूनं आखून घ्या आणि मगच खऱ्या दारापाशी जा.