ड्युअल-एनर्जी एक्स-रे आणि स्कॅटरची जुनी कटकट

स्कॅटर म्हणजे शरीरात धडकून दिशा बदललेले एक्स-रेचे फोटॉन (किरणांचे कण). त्याची तक्रार जुनीच. ते अडवणारी शिशाच्या पट्ट्यांची जाळी, म्हणजे ग्रिड, १९१३ पासून आहे, त्यात शिरत नाही. साध्या फिल्मवर स्कॅटर म्हणजे फोटो जरा धुरकट, वाचणारा सांभाळून घ्यायचा. पंचाईत झाली ती एक्स-रेमधून आकडा काढायला लागल्यावर.

१९७६ मध्ये दोन एनर्जींच्या एक्स-रेंवरून फोटोइलेक्ट्रिक (फोटॉन पूर्ण शोषला जातो) आणि कॉम्प्टन (फोटॉन धडकून वळतो) भाग वेगळे काढायचं गणित आलं, त्यात डिटेक्टरवर पडणारा फोटॉन सरळच आलाय असं धरलेलं. तेव्हाच्या हाडाच्या घनतेच्या मशीनला ते चालून जायचं. गॅडोलिनियम-१५३ हा किरणोत्सारी स्रोत, त्याची ४४ आणि १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (फोटॉनच्या एनर्जीचं एकक) आसपासची दोन शिखरं, बारीक किरण आणि समोर तेवढाच बारीक डिटेक्टर, म्हणजे बाजूला उडालेला फोटॉन बहुतेक वेळा सापडायचाच नाही. १९८७ च्या सुमारास एक्स-रे ट्यूबवाली डीएक्सए (दोन एनर्जींनी हाडाची घनता मोजणारी) मशीन आली तीही पेन्सिल बीमचीच, म्हणजे बारीक किरणाचीच. मग वेळ वाचवायला फॅन बीम (पंख्यासारखा पसरलेला किरण) आला, पुढे फ्लॅट पॅनेल (सगळं चित्र एकदम घेणारा रुंद डिटेक्टर), आणि इतकी वर्षं बाहेर ठेवलेला स्कॅटर आपण हाताने आत घेतला.

हा निर्णय घेताना एक समज फार पसरला होता, अजूनही ऐकू येतो, की दोन एनर्जींच्या दोन्ही इमेजमध्ये स्कॅटर सारखाच असेल तर हाड वेगळं काढायच्या वजाबाकीत कटतो. नाही कटत. वजाबाकी लॉग (लॉगॅरिदम) घेतल्यावर होते, शिवाय एका इमेजला वेट लावून, म्हणजे ठरावीक आकड्याने गुणून. ५० आणि ८० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट धरा, सॉफ्ट टिश्यू (स्नायू, चरबी वगैरे) घालवायचं वेट साधारण ०.८ येतं. स्कॅटर दोन्हीकडे सरळ किरणांइतकाच असेल (ग्रिड नसलेल्या रुंद बीमला जाड शरीरात हे काही विशेष नाही) तर प्रत्येक लॉगमध्ये ०.६९ ची भर, वेट लावून वजा केलं की ०.१३५ उरतात. आणि १ ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर हाडाचा सगळा सिग्नल ०.१२! म्हणजे हाड नसतानाच हाडापेक्षा जास्त दिसणार.

यावर उत्तर असतं की शेजारच्या सॉफ्ट टिश्यूची बेसलाइन वजा करतोच की. बरं, करा. हाडाखाली सरळ किरण कमी होतात, ५० ला ०.६५ पट, ८० ला ०.८ पट, पण स्कॅटर आजूबाजूच्या सगळ्या भागातून येतो त्यामुळे तो जवळपास तेवढाच राहतो. हे घालून हिशोब केला तर १ ग्रॅमचं हाड ०.४ ग्रॅम निघतं. आधी जास्त दाखवत होतं, दुरुस्ती केल्यावर निम्म्याहून कमी. फॅन बीमच्या मशीनमध्ये स्कॅटर याच्यापेक्षा पुष्कळ कमी असतो, इतकं वाईट नाही होत, पण प्रकार हाच. त्यात त्याच माणसाला त्याच मशीनवर पुन्हा घेतलं की आकडा तोच येतो म्हणून कोणाला शंका येत नाही. शंका येते ती वजन बरंच घटलं-वाढलं की, कारण जाडी बदलली की स्कॅटर बदलतो आणि हाड आहे तसं असून आकडा हलतो. माझ्या मते वेग विकताना हे ठळक सांगायला हवं होतं.

पुढचं सगळं भराभर झालं. छातीला ६० आणि १२० केव्हीचे (ट्यूबचं व्होल्टेज) दोन शॉट किंवा एकाच शॉटमध्ये दोन थरांचा डिटेक्टर. दोन थरांना वेळेचा फरक नाही म्हणून हृदयाच्या हालचालीचा त्रास नाही, स्कॅटर मात्र तसाच, कारण तो दोन्ही थरांत पोचतो. २००५-०६ च्या ड्युअल-सोर्स (दोन ट्यूबच्या) सीटीत तर नवीनच भानगड, एका ट्यूबचा स्कॅटर काटकोनातल्या दुसऱ्या डिटेक्टरवर. फोटॉन मोजणारे डिटेक्टर आले तेव्हा वाटलं आता एनर्जीवरून ओळखता येईल, पण ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन ९० अंशात वळला तरी ५३.७ उरतो, त्याला पकडणार कसं? म्हणून परत तेच उपाय: ग्रिड, मध्ये शिशाचे ठिपके ठेवून सावलीत स्कॅटर मोजणं, मॉन्टे कार्लो (एकेका फोटॉनचा प्रवास संगणकावर चालवून पाहणं), आणि अलीकडे मॉन्टे कार्लोवरच शिकवलेली न्यूरल नेटवर्क्स, जी शिकवलेल्या जाडीच्या बाहेरचा पेशंट आला की किती चुकतील हे प्रत्येक मशीनवर वेगळं तपासावं लागतं.