किनाऱ्यावरचा संगणक: काढा, पुसा, पुन्हा बसवा

श्रावणात कोकणातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात डोकवा, मिठाच्या बरणीच्या तळाशी पाणी साचलेलं दिसेल. पापड डब्याबाहेर काढले की मऊ पडतात, आगपेटीवर काडी ओढली तर गूलच निघून येतो. आपल्याला याची इतकी सवय झालेली असते की बरणीत चार तांदूळ टाकायचे आणि पुढच्या कामाला लागायचं. पण त्याच घरात, पलीकडच्या खोलीत, महिनोन्‌महिने बंद असलेल्या संगणकाच्या पोटातही अगदी हेच घडत असतं.

देवगडच्या बाजूला आमच्या वाडीत शेजारचे काका आंब्याचा व्यवसाय करतात. फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत पेट्यांचा हिशेब, बिलं, गाडीभाडं असं सगळं संगणकावर. जूनमध्ये पाऊस लागला की त्यावर प्लॅस्टिक घालून ठेवतात, ते चतुर्थीचा गणपती पोचवल्यावरच काढतात. त्या वर्षी काढलं तेव्हा संगणक उठेना. काकांनी मला हाक मारली, "अरे, पंखो फिरता, पन पडद्यार काय्येक दिसना नाय. मेलो वाटता." तालुक्याच्या एका दुकानात मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी, गेल्याचं सांगून नवीन यंत्राचा भावही ऐकवला होता.

मी काकांना म्हटलं, निकाल लावण्याआधी पडवीत उजेडाला आणा आणि झाकण उघडू या.

पंखा फिरतो म्हणजे वीज आत येते आहे. पडदा काळा म्हणजे प्रोसेसरला, म्हणजे सगळं काम करणाऱ्या मुख्य चिपला, कामाला लागण्यासाठी जे हवं ते मिळत नाही, आणि किनाऱ्यावर बहुतेक वेळा ते असतं रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरतं लक्षात ठेवणारी पट्टी. रॅमची पट्टी बिघडलेली नसते, ती आणि तिचा स्लॉट, म्हणजे ती बसते ती खोबण, यांच्यातलं बोलणं बंद झालेलं असतं.

समुद्रावर लाट फुटते तेव्हा फेसातले लाखो बुडबुडे फुटतात आणि खाऱ्या पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडतात. पाणी वाटेतच उडून जातं, मीठ वाऱ्याबरोबर वाडीत येतं. समुद्राकडच्या खिडकीच्या काचेवर बोट फिरवून जिभेला लावलं तर ते खारट लागतं. संगणकाचा पंखा दिवसभर हीच हवा आत ओढतो आणि धुळीबरोबर मिठाचा थर मदरबोर्डवर बसवत राहतो.

कोरडं मीठ तसं निरुपद्रवी. पण शुद्ध मिठाला, म्हणजे सोडियम क्लोराइडला, एक मर्यादा आहे: हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून त्यातच विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि त्याची मर्यादा तर सुमारे ३३ टक्के. म्हणूनच पाकिटातल्या बारीक मिठापेक्षा घरचं जाडं मीठ लवकर ओलं होतं. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणजे जून ते सप्टेंबर बंद संगणकातल्या बोर्डवर खाऱ्या पाण्याचा एक अदृश्य पापुद्रा असतो. मीठ-पाणी वीज वाहून नेतं आणि धातू खातं.

आता रॅम. एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची, तार भिंतीतून काढली आणि कॅबिनेटचं चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरलं. हे करायलाच हवं. संगणक बंद दिसत असला तरी तार लावलेली असेपर्यंत बोर्डवर ५ व्होल्टचा एक पुरवठा जागा असतो, त्याच्या जोरावरच तर बटण काम करतं. तार काढून बटण दाबलं की उरलासुरला भार रिता होतो. मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. आपल्या अंगावर साचलेला स्थिर विद्युतभार आपल्याला जाणवतो तो साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे. चिप मात्र १०० व्होल्टच्या आसपासही दुखावू शकते. म्हणजे आपल्याला काहीच कळत नाही आणि चिप जाते. पत्र्याला हात लावला की आपण आणि यंत्र एकाच पातळीवर येतो. पातळीत फरकच नसेल तर ठिणगी पडणार कुठून? पावसाळ्यात आपल्याकडे हा धोका कमी, दमट हवेत भार टिकत नाही. डिसेंबरच्या कोरड्या वाऱ्यात, अंगात टेरिकॉटचा शर्ट असताना, मी जास्त जपतो.

स्लॉटच्या टोकाचे खटके बाहेर दाबले आणि पट्टी आपसूक वर आली. काकांना ती उजेडात तिरकी धरून दाखवली. खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग. डीडीआर-४ या पिढीच्या रॅमच्या पट्टीला असे २८८ दात असतात, दोन्ही बाजू मिळून. मधोमध चमक शाबूत होती, पण एका टोकाच्या आठ-दहा दातांवर धुरकट झाक आणि एका ठिकाणी हिरवट ठिपका. हिरवा रंग म्हणजे तांबं. सोन्याच्या खाली तांबं आहे हे तो ठिपका सांगत होता.

एक ग्रॅम सोन्याचा दागिना आपल्या परिचयाचा आहे, वर सोन्याचं पाणी आणि आत दुसराच धातू. रॅमचे दातही तसेच: तांब्याचा पाया, त्यावर निकेल, त्यावर सोन्याचा थर, तोही एका मायक्रॉनपेक्षा कमी जाडीचा. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली तर हा थर किती पातळ असेल ते लक्षात येईल. सोनं गंजत नाही म्हणून ते वापरतात, पण इतक्या पातळ थरात सूक्ष्म छिद्रं राहतात. त्यातून खारं पाणी खाली झिरपतं, तांबं खातं आणि तयार झालेला क्षार त्याच छिद्रातून वर येऊन सोन्यावर पसरतो. सोनं चांगलं असूनही स्पर्श तुटतो.

आणि स्पर्श मुळातच किती असतो? दोन धातू एकमेकांना टेकले की ते पूर्ण पृष्ठभागावर टेकतात असं आपल्याला वाटतं. स्वीडिश शास्त्रज्ञ राग्नार होल्म यांनी विद्युत-स्पर्शांचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांनी दाखवून दिलं की गुळगुळीत दिसणारा धातूही सूक्ष्म पातळीवर डोंगरदऱ्यांचा असतो आणि खरा स्पर्श फक्त थोड्या शिखरांच्या टोकांवर होतो. सगळी वीज त्या इवल्या ठिपक्यांतूनच जाते. त्या ठिपक्यांवर क्षाराचा पापुद्रा आला की संपलं. रॅमच्या २८८ दातांपैकी महत्त्वाचा एक जरी असा रुसला तर प्रोसेसर पहिलं पाऊलच टाकत नाही.

म्हणून "काढून पुन्हा बसवा" हा सल्ला मला कधीही अंधश्रद्धा वाटला नाही. पट्टी आत जाताना स्लॉटमधली प्रत्येक स्प्रिंग दातावरून घासत खाली सरकते आणि त्या घासण्यात पापुद्रा खरवडला जाऊन नवे, स्वच्छ ठिपके जुळतात. बनवणाऱ्यांनी ही घसट मुद्दामच ठेवलेली असते. मात्र चाळा म्हणून ती पुन्हा पुन्हा करू नये. ते स्लॉट थोड्याच वेळा वापरण्यासाठी घडवलेले असतात, आणि घासताना सोनंही झिजतं.

पुसण्याबद्दल माझं एक ठाम मत आहे. आपल्याकडे सगळे खोडरबर वापरतात. पांढरा मऊ खोडरबर हलक्या हाताने एकदा फिरवायला हरकत नाही, पण शाई खोडणारा खरखरीत रबर म्हणजे सँडपेपरच. दात लखलखीत झाले म्हणून आपण खूश होतो, पण ज्या सोन्यामुळे ते टिकत होते तेच आपण घासून काढलेलं असतं आणि पुढच्या पावसात तांबं उघडं पडतं. दुसरी गोष्ट, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल सर्वोत्तम असं सगळीकडे सांगतात. तेलकट मळासाठी ते खरंच आहे. पण मीठ अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळतच नाही, ते पाण्यात विरघळतं. म्हणून किनाऱ्यावर मी बाहेर काढलेल्या पट्टीचे दात आधी ७० टक्क्यांच्या अल्कोहोलने पुसतो; त्यातलं पाणी मीठ उचलतं. मग ९९ टक्क्यांचं फिरवतो, ते उरलेलं पाणी घेऊन उडून जातं. सुती कापड न सुटणाऱ्या धाग्यांचं हवं, आणि पट्टी निदान अर्धा तास उघडी सुकू द्यावी. हे मदरबोर्डवर करायचं नाही, तिथे ओलं काहीही नको.

पट्टीची खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवला. ही खाच डीडीआर-३, डीडीआर-४, डीडीआर-५ प्रत्येकात वेगळ्या जागी असते, कारण त्यांचे व्होल्टेजच वेगळे: १.५, १.२ आणि १.१. चुकीची पट्टी बसतच नाही. जोर लावावासा वाटला तर थांबायचं. बरोबर असेल तर दोन्ही अंगठे दोन टोकांवर ठेवून सरळ खाली दाबायचं, दोन्हीकडून "खट्" ऐकू येईपर्यंत. पहिल्यांदा करणाऱ्याला हा दाब भीती वाटण्याइतका जास्त वाटतो. काकांनीच दाबली. बोर्ड किंचित लवला तसा त्यांनी हात काढला. मी म्हटलं, अजून, आवाज आला नाही.

पडदा उजळला. पण तारीख दाखवत होता कित्येक वर्षं मागची, आणि बँकेचं पान "सुरक्षित नाही" म्हणून उघडेना. काकांना वाटलं व्हायरस. तसं नव्हतं, नाण्याएवढी बॅटरी संपली होती. सीआर २०३२ या नावातच तिचं माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. संगणकाची तार लावलेली असते तेव्हा घड्याळाला भिंतीतली वीज मिळते, तार काढली की हीच ३ व्होल्टची बॅटरी. तिच्यावर एक क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या १५ वेळा निम्मी केली की बरोबर १ येतो, एक सेकंद. बॅटरी गेली की घड्याळ भूतकाळात जातं, आणि बँकेचं सुरक्षा-प्रमाणपत्र त्या तारखेला अजून जन्मलेलंच नसतं, म्हणून ब्राउझर ते नाकारतो. कडेची पत्र्याची पट्टी नखाने मागे ओढली की बॅटरी उडी मारून वर येते. नवी घालताना अधिकचं चिन्ह वर. तारीख लावली आणि बँक उघडली.

झाकण उघडंच होतं म्हणून प्रोसेसरवरचा पंखाही बघितला. त्याच्या खाली उष्णता वाहणारी पेस्ट असते. प्रोसेसर आणि हीटसिंक, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, यांच्यातही तेच डोंगरदऱ्यांचं गणित, आणि दऱ्यांत हवा. तांबं हवेपेक्षा सुमारे १५,००० पट चांगली उष्णता वाहतं, म्हणून त्या दऱ्या पेस्टने भरायच्या. तुरीच्या दाण्याएवढी पुरते. जास्त लावली तर मधला थर जाड होऊन उलट अडथळा होतो. जुनी पेस्ट सिमेंटसारखी धरलेली असते. काही प्रोसेसरच्या पोटाखाली हजारावर नाजूक पिना असतात आणि हीटसिंक सरळ वर ओढला तर प्रोसेसर खटक्यातून उपटून येतो. माझ्या हातून एकदा झालंय. वाकलेल्या पिना भिंगाखाली सरळ करण्यात अख्खी दुपार गेली. आधी संगणक दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट करायची, बंद करून तार काढायची, मग हीटसिंक डावी-उजवीकडे हलके पिरगाळत सोडवायचा.

एसएमपीएस मात्र उघडायचा नाही. २३० व्होल्टच्या विजेचं शिखर सुमारे ३२५ व्होल्टचं असतं, आणि तेवढा भार आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, तार काढल्यावरही काही काळ धरून ठेवतात. आत पाल मेलेली दिसली, वास येत असला, तरी मागचे चार स्क्रू काढून अख्खा डबाच बदलायचा.

आता पुढच्या पावसाचं. इथे एक सोपं भौतिकशास्त्र आपल्या बाजूने आहे. २७ अंशांना ९० टक्के दमट असलेली हवा ३७ अंशांपर्यंत तापली तर तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण सापेक्ष आर्द्रता जवळजवळ ५० टक्क्यांवर येते. सोडियम क्लोराइडच्या ७५ टक्क्यांच्या मर्यादेच्या बरीच खाली. चालू संगणकाचा बोर्ड सहज १० अंशांनी तापतो, म्हणजे चालू असेपर्यंत त्याच्यावरचं बरंचसं मीठ सुकतं. आपल्या आज्यांनी बी-बियाणं आणि सुकी मासळी चुलीच्या धगीवर टांगली ती याच कारणाने. म्हणून पावसाळ्यातही रोज दोन-तीन तास चालणारा संगणक टिकतो आणि जपून गुंडाळून ठेवलेला कुजतो.

ज्याला चार महिने बंदच ठेवायचा आहे त्याने तार भिंतीतून काढावी. ओल्या बोर्डवर तो ५ व्होल्टचा पुरवठा सतत जागा राहिला तर एका तारेवरचा धातू विरघळून दुसरीकडे झाडाच्या मुळांसारखा वाढत जातो आणि शेवटी दोन्ही जोडून टाकतो. नाण्याची बॅटरी थोडी लवकर संपेल, ती स्वस्त आहे. आणि चतुर्थीनंतर पहिल्यांदा बटण दाबण्याआधी झाकण उघडून, बोर्ड कोरड्या खोलीत दिवसभर पंख्याखाली सुकवून, मगच.

काकांनी प्लॅस्टिक काढून टाकलं, त्या जागी आंब्याच्या पेट्यांवर घालायचं जुनं सुती पांघरूण आलं. दिवेलागणीला पडवीत दिवा लागतो तेव्हा ते बाजूला होतं, संगणक सुरू होतो आणि भजनाला निघेपर्यंत चालू राहतो. त्यात ते मागच्या हंगामाची वही टाइप करायला बसतात.