वजनाचं ऑपरेशन (सोलापूर)

वजनाचं ऑपरेशन म्हणजे बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी, दुर्बिणीतून जठर लहान करायचं किंवा अन्नाची वाट पुढच्या आतड्यात वळवायची. सोलापुरात याला कुणी पोटाचं ऑपरेशन म्हणतं, कुणी चरबीचं. तिथंच पहिली गल्लत होते, कारण चरबी ओढून काढायचं लायपोसक्शन वेगळं, इथं चरबीला हातच लावत नाहीत. दुसरी गल्लत बायपास या शब्दाची, घरात कुणी "बायपास करायचीय" म्हटलं की सगळ्यांना हार्टच आठवतं.

आपल्याकडं जास्त चालतात ते दोन प्रकार. स्लीव्हमध्ये जठराचा फुगीर भाग, साधारण ७५ ते ८० टक्के, स्टेपलरनं कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी मागं राहते. भूक लावणारं घ्रेलिन हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं म्हणून सुरुवातीचे महिने भूक फारशी लागतच नाही. बायपासमध्ये वर ३० मिलीच्या आसपासची पिशवी ठेवून तिला लहान आतडं जोडतात, बाकीचं जठर पोटातच राहतं. या बायपासची सुरुवात १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या डॉ. एडवर्ड मेसन यांनी केली, अल्सरसाठी जठर कापलेले पेशंट नंतर बारीकच राहतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

कुणी करायचं हे बीएमआयवर ठरतं, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. आपल्या लोकांना कमी वजनातच शुगर-बीपी गाठतं म्हणून भारतात बरीच वर्षं ३७.५ च्या पुढं, किंवा शुगर, बीपी, झोपेत श्वास अडकणं असं काही सोबत असेल तर ३२.५ च्या पुढं, असा हिशोब धरतात. ५ फूट २ इंच उंचीच्या बाईला ३७.५ म्हणजे साधारण ९३ किलो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी आशियाई लोकांसाठी ही रेषा अजून खाली आणली. इन्शुरन्सचं गणित मात्र वेगळं, २०१९ च्या आयआरडीएच्या, म्हणजे विमा नियामक संस्थेच्या, नियमांप्रमाणे बीएमआय ४० किंवा गंभीर आजारासोबत ३५ असावा लागतो, तेव्हा तारीख ठरवायच्या आधी पॉलिसी वाचून घ्यावी.

तयारी ऑपरेशनच्या आधी बरेच आठवडे सुरू होते. एंडोस्कोपी, सोनोग्राफी, थायरॉईड, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), बी१२, व्हिटॅमिन डी, घोरत असेल तर स्लीप स्टडी. शेवटचे दोनेक आठवडे भात-साखर बंद करून कमी कॅलरीचा डाएट देतात, पेशंटला वाटतं वजन आधीच उतरवायला लावतायत, पण खरं कारण लिव्हर. फॅटी लिव्हर फुगून नेमकं जठरावर पसरलेलं असतं, ते आकसलं की सर्जनला जागा मिळते. तंबाखू तर किमान सहा आठवडे आधी बंद पाहिजे, टाके भरून यायला ती आड येते आणि बायपासनंतर जोडाच्या ठिकाणी अल्सर होतो. आता इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण डॉक्टर "तंबाखू खाता का" विचारतात आणि आपल्या मावश्या-आज्ज्या अगदी मनापासून "नाही" म्हणतात. मिश्री ही तंबाखूच आहे. सकाळी दात घासायला लावतात म्हणून ती मंजन होत नाही, विचारलं नाही तरी सांगा.

ऑपरेशन साधारण एक ते तीन तासांचं, जीवाचा धोका अनुभवी हातात पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आसपास. त्याच दिवशी संध्याकाळी उठवून चालवतात, कारण पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं हा या ऑपरेशनचा मोठा धोका. खांदा दुखतो, तो ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या गॅसमुळं, घाबरायचं नाही. हातात फुप्फुसांच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं यंत्र देतात, ते फुंकायचं नसतं, हवा आत ओढायची असते आणि गोळ्या वर तरंगत ठेवायच्या असतात, हे बऱ्याच जणांना दुसऱ्या दिवशी कळतं. दोन-तीन दिवसात घरी. सोलापुरातले बरेच जण यासाठी पुण्याला किंवा हैदराबादला जातात, येताना चार-पाच तास एका जागी बसून येऊ नये, गाडी थांबवून किंवा रेल्वेच्या डब्यात फेऱ्या मारत यावं.

खरी परीक्षा घरी आल्यावर, आणि आपल्या गावात ती पाण्यापासून सुरू होते. दिवसाला दीड ते दोन लिटर पोटात गेलं पाहिजे पण घटाघटा पिता येत नाही, जास्तीचा एक घोट झाला तरी छातीत कळ येऊन पाणी परत येतं. आमच्या काकूंना डाएटिशियननं औषधाचा ३० मिलीचा कप दिला होता, दर पंधरा मिनिटांनी तो एक कप, घोट घोट करून. सकाळी सात ते रात्री नऊ धरलं तर होतात १६८० मिली. कागदावर सोपं वाटतं पण सलग चौदा तास घड्याळाकडं बघत पाणी प्यायचं म्हणजे काय हे बाजूला बसून बघितलंय, तिसऱ्या दिवशी त्या कप हातात धरून नुसत्या रडल्या, तहान लागलीय आणि तांब्या तोंडाला लावता येत नाही म्हणून. त्यात एप्रिल-मे असेल, पारा ४२-४३ ला, तर घामातच अर्धं निघून जातं. चक्कर, गडद पिवळी लघवी, तोंडाला कोरड ही सलाईनची वेळ आल्याची खूण. शक्य असेल तर सोलापूरकरांनी ही तारीख पावसाळ्यात नाहीतर थंडीत घ्यावी, हे आमचं ठाम मत आहे.

खाणं टप्प्याटप्प्यानं वाढतं, पहिले काही दिवस नुसतं वरणाचं पाणी, नारळपाणी, पातळ ताक, मग दूध, गाळलेलं सूप, प्रोटीन पावडर, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि सहा-आठ आठवड्यांनी रोजचं. डॉक्टरप्रमाणे आठवडे पुढंमागं होतात. प्रोटीन दिवसाला किमान ६० ग्रॅम लागतं आणि एका अंड्यात असतं सहाच, म्हणून ताटात आधी डाळ, अंडं, पनीर, चिकन आणि पोटात जागा उरली तरच भाकरी. आपल्याकडं हेच उलटं पडतं कारण भाकरी हेच जेवण आणि बाकी सगळं तोंडी लावणं. बरं, भाकरी सोडायची नसते. बऱ्याच जणांना ताजी चपाती किंवा ब्रेड गोळा होऊन अडकतो, उलट आपली कडक भाकरी बारीक तुकडा मोडून वीस-पंचवीस वेळा चावली की नीट उतरते, किंवा भाकरी आमटीत कुस्करून चमच्यानं. हुलग्याचं माडगं तर मऊ खाण्याच्या टप्प्याला बसणारा आपला जुनाच पदार्थ, फक्त तिखट बेतानं. शेंगा चटणी सुरुवातीला नाही, तिखट सोसत नाही, आणि नंतरही चमच्यानं मोजून, कारण ती न अडकता सहज जाते आणि तेल-दाण्याच्या कॅलरी भरपूर असतात. जेवताना पाणी नाही, आधी नाही, नंतर अर्धा तास नाही. बायपास झालेल्यानं रसवंतीवर उसाचा एक ग्लास रस प्यायला तर थोड्याच वेळात दरदरून घाम, धडधड, चक्कर, जुलाब, याला डंपिंग म्हणतात. स्लीव्हवाल्याला बहुतेक वेळा तसं होत नाही, तो रस आरामात जातो, म्हणून त्यानं जास्त जपायचं.

माणसांचं सांगायलाच पाहिजे. तीन महिन्यात वीस किलो उतरलेला माणूस गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर भेटला की पहिला प्रश्न, "काय बे, शुगर झाली काय?" लग्नात पंगतीत अर्धी वाटी खाऊन हात धुतला की यजमानाला राग येतो, सासू म्हणते माझ्या हातचं गोड लागत नाही. हा आग्रह मायेचाच असतो, पण नव्या पोटाला दोन घास जास्त म्हणजे उलटी, म्हणून ऑपरेशनच्या आधी घरच्या स्वयंपाक करणाऱ्या बाईला डाएटिशियनपुढं बसवलं पाहिजे, पेशंटइतकंच. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, कंगवा भरून येतो, लोक म्हणतात ऑपरेशन सोसलं नाही. बहुतेकांचे परत येतात, प्रोटीन आणि लोह नीट असेल तर. कातडी लोंबते, ती मात्र आपोआप पूर्ण आत जात नाही. आणि पोट भरलं तरी मन भरत नाही, रागात, कंटाळ्यात ज्यांना आधी खाण्याचाच आधार होता त्यांचा तो आधार एका रात्रीत काढून घेतलेला असतो, अशा वेळी चिडचिड, उदासपणा येतो, त्याला नाटक म्हणू नये, डॉक्टरला सांगावं.

ताप, नाडी १२० च्या वर, पोटात वाढत जाणारं दुखणं असं काही पहिल्या पंधरवड्यात झालं तर टाक्यातून गळती असू शकते, सकाळची वाट न बघता ऑपरेशन केलेल्या सर्जनला फोन करून दवाखाना गाठायचा. सतत उलट्या होत असतील तर व्हिटॅमिन बी१ कमी होऊन नसांवर, मेंदूवर परिणाम होतो. शुगरच्या गोळ्या-इन्शुलिन जुन्याच डोसमध्ये चालू ठेवलं तर शुगर एकदम खाली जाते, डोस त्याच आठवड्यात बदलावा लागतो. अंगदुखीसाठी मेडिकलमधून मनानं पेनकिलर आणायची नाही, विशेषतः बायपासवाल्यानं. दारू पटकन चढते. पीसीओडी असलेल्या बायकांची पाळी वजन उतरल्यावर नियमित होते आणि दिवस लवकर राहतात, पण पहिले १२ ते १८ महिने गरोदरपण टाळायचं असतं, हे नवऱ्यालाही माहीत पाहिजे.

एक-दीड वर्षात मूळ वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के उतरतं आणि मग काटा थांबतो. पुढं थोडं परत येणं नेहमीचं, जास्त येतं ते चहा-बिस्कीट, फरसाण, कोल्ड्रिंक असं सुळकन जाणारं दिवसभर तोंडात असलं की. बी१२, लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी या गोळ्या जन्मभर, आणि पूर्ण शाकाहारी घरात, जिथं बी१२ आधीच कमी असतं, तिथं तर एकही खाडा नको. पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी रक्त तपासायचं असतं. पुण्यात ऑपरेशन झालेले बरेच जण दुसऱ्या वर्षापासून जायचं सोडतात, वजन तर उतरलं ना म्हणून. त्या तपासण्या सोलापुरातल्या लॅबमध्ये होतात, रिपोर्ट मोबाईलवरून सर्जनला पाठवता येतो.