स्टुअर्ट हायवे: पाण्यामागे गेलेली वाट

दक्षिणेकडच्या पोर्ट ऑगस्टापासून उत्तरेच्या डार्विनपर्यंत ऑस्ट्रेलिया खंड उभा चिरत जाणारा स्टुअर्ट हायवे सुमारे २,८०० किलोमीटरचा आहे. मधल्या ओसाड मुलखात पेट्रोल भरायचं तरी पुढचा पंप किती लांब ते आधी पाहावं लागतं. या रस्त्याची दिशा मुळात पाण्याने ठरवली.

ज्याचं नाव हायवेला आहे तो शोधप्रवासी जॉन मॅकडुअल स्टुअर्ट थोडी माणसं आणि घोडे घेऊन एका पाणवठ्यावरून पुढच्या पाणवठ्याकडे सरकत असे. हे झरे, हे डोह आदिवासींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, आणि ती त्यांची भूमी होती. १८६० साली आज अटॅक क्रीक म्हणतात त्या ओढ्यापाशी वारुमुंगू लोकांनी त्याला अडवलं आणि त्याला माघारी फिरावं लागलं. जुलै १८६२ मध्ये तो अखेर उत्तर किनाऱ्याला पोहोचला. परतताना तो इतका खंगला होता की दोन घोड्यांच्या मध्ये झोळी बांधून त्याला आणावं लागलं.

दहा वर्षांत त्याच वाटेने तार गेली. चार्ल्स टॉड यांच्या देखरेखीखाली १८७० ते १८७२ या काळात सुमारे ३,२०० किलोमीटर लाईन उभी राहिली. डार्विनहून ती समुद्राखालच्या केबलने जावाशी जोडलेली असल्यामुळे लंडनची बातमी जहाजाची वाट न बघता येऊ लागली. पण लांब तारेत संदेश क्षीण होत जाई. म्हणून ठराविक अंतरावर ठाणी होती. तिथला तारमास्तर कट्ट-कडकट ऐकून मजकूर उतरवी आणि पुढच्या ठाण्याकडे पुन्हा वाजवी. ॲलिस स्प्रिंग्ज, बॅरो क्रीक, टेनंट क्रीक, कॅथरीन ही हायवेवरची नावं तेव्हा या ठाण्यांचीही होती. ठाणं म्हणजे पाण्यावर कायमचा ताबा. १८७४ साली बॅरो क्रीकच्या ठाण्यावर कायटेट्ये लोकांनी हल्ला केला, त्यात दोन तारवाले मेले. सूड म्हणून निघालेल्या तुकड्यांनी किती आदिवासी मारले याची धड नोंदही ठेवली गेली नाही. रस्त्याच्या इतिहासात हे पान गाळून चालणार नाही.

पुढची अनेक वर्षं या मुलखाला सामान पुरवलं ते उंटवाल्यांनी. १८६६ साली कराचीहून, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातून, शंभराहून अधिक उंट आणि त्यांचे हाकारे दक्षिण ऑस्ट्रेलियात उतरले. सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत. प्रत्यक्षात त्यांत बलुची, पंजाबी, सिंधीही होते. त्यांच्याशिवाय आतल्या वस्त्या टिकल्याच नसत्या. मोटारी आल्या आणि त्यांचा धंदा बसला. मोकळे सोडलेले उंट रानटी झाले.

तरी १९३९ पर्यंत इथे खरा रस्ता नव्हता. रेल्वे १९२९ मध्ये दक्षिणेकडून ॲलिस स्प्रिंग्जला आणि उत्तरेकडून बर्डमला येऊन थांबली होती, मधल्या सुमारे हजार किलोमीटरवर तारेशेजारची धुळीची चाकोरी. महायुद्धाने निकड आणली. १९४० साली राज्यांच्या रस्ते खात्यांनी हा मधला पट्टा काही महिन्यांत वाहतुकीजोगा केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी जपानी विमानांनी डार्विनवर बॉम्ब टाकले तेव्हा लष्करी ट्रकांचे ताफे याच वाटेने उत्तरेकडे धावत राहिले, आणि युद्ध संपायच्या आत ॲलिस स्प्रिंग्ज ते डार्विन डांबर पडलं.

दक्षिणेचा भाग मात्र चार दशकं मागे राहिला. स्टुअर्ट, तार आणि जुनी रेल्वे पूर्वेकडच्या उडनाडाटा गावाकडून गेली होती, कारण भूगर्भातलं पाणी वर आणणारे झरे त्या पट्ट्यात होते. ट्रकांना झऱ्याची गरज नव्हती, आणि तिकडचे ओढे पुरात रूळ वाहून नेत. म्हणून रेल्वेने १९८० मध्ये पश्चिमेकडची नवी वाट धरली. हायवेही कूबर पीडीवरून गेला आणि १९८७ मध्ये त्याचं डांबरीकरण पूर्ण झालं. उडनाडाटाची जुनी वाट अजून मातीचीच आहे.