ओस्सोबुको

इटलीच्या लोंबार्दी प्रांतातील, मुख्यतः मिलान शहरातील, वासराच्या नडगीचा मांसाहारी पदार्थ. नडगी हाडासकट आडवी कापून सुमारे 3 ते 4 सेंमी. जाडीचे तुकडे करतात. प्रत्येक तुकड्याच्या मधोमध मज्जेने भरलेली नळी राहते. ‘ओस्सोबुको’ म्हणजे ‘पोकळ हाड’; हे नाव त्यावरूनच पडले. मागच्या पायाचे तुकडे अधिक मांसल असतात. कडेच्या पडद्याला चिरा दिल्या नाहीत, तर तो आकसतो व तुकडा वाकडा होतो. मैद्यात घोळवून लोण्यात परतलेले तुकडे कांदा, पांढरी वाइन आणि मांसाचा रस्सा घालून दीड-दोन तास झाकून मंद आचेवर शिजवतात. सोबत केशर घातलेला रिसोत्तो (रश्श्यात शिजवलेला इटालियन भात) असतो.

मूळ कृतीत टोमॅटो होता की नाही, याबद्दल मतभेद आहेत. टोमॅटोविरहित ‘पांढरा’ प्रकार जुना मानण्याकडे अनेकांचा कल आहे. टोमॅटो अमेरिकेतून आला आणि इटालियन स्वयंपाकात तो सावकाश रुजला, हे पाहता ते संभवनीय वाटते. मात्र पदार्थाचा उगम मध्ययुगापर्यंत नेण्याइतका आधार दिसत नाही. पेल्लेग्रीनो आर्तुझी यांच्या 1891 च्या पाकशास्त्रावरील ग्रंथातील कृतीत टोमॅटो आहेच. शेवटी लिंबाची साल व पार्स्लीही (कोथिंबिरीसारखी पाने) आहे, पण लसूण नाही. म्हणजे लिंबाची साल, पार्स्ली व लसूण एकत्र चिरून केलेली आजची ‘ग्रेमोलाता’ तेथे पूर्ण रूपात आढळत नाही. अर्थात आर्तुझी इटलीतल्याच रोमान्या प्रदेशाचे, वास्तव्य फ्लॉरेन्सला. हा पदार्थ मिलानकरांनीच करावा, असे त्यांनी स्वतःच म्हटले आहे. त्यामुळे त्यांची साक्ष मिलानच्या घरगुती पद्धतीबाबत निर्णायक मानता येत नाही.

पोषणमूल्य : शिजलेल्या 100 ग्रॅम मांसातून, मज्जा वगळता, सुमारे 30 ग्रॅम प्रथिने व 175 ते 190 किलोकॅलरी ऊर्जा मिळते. जीवनसत्त्व बी-12, नायसीन व जस्त यांचाही तो चांगला स्रोत आहे. नडगीच्या स्नायूंत संयोजी ऊतक भरपूर असते. दीर्घकाळ शिजताना त्यातील कोलॅजेन या प्रथिनाचे जिलेटिन होते; रस्सा दाट, चिकट होतो तो त्यामुळे. जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक ॲमिनो अम्ल नसते, पण मांसामुळे ती उणीव भरून निघते. मज्जा बहुतांशी मेद असते. ती खाल्ल्याने हाडे बळकट होतात हा समज टिकणारा नाही, कारण कॅल्शियम हाडाच्या कठीण भागात असते. लोणी, मज्जा आणि रिसोत्तो मिळून ताटातील एकूण ऊर्जा व संपृक्त मेद बरेच वाढतात. रस्सा थंड करून वर गोठलेली चरबी काढल्यास त्यातील मेद कमी करता येतो.