इलेक्ट्रिक गिटार संगणकाला जोडणे

इलेक्ट्रिक गिटारचा संकेत संगणकात घेऊन तो ध्वनिमुद्रित करण्याची किंवा सॉफ्टवेअरमधल्या अँप्लिफायरमधून वाजवण्याची पद्धत. त्यासाठी बहुधा यूएसबीवर चालणारा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटारचा संकेत संगणकाला कळणाऱ्या आकड्यांत बदलणारी पेटी, वापरतात. आवाज कसा येणार याचा बराचसा निकाल संकेत संगणकात शिरण्याआधीच लागलेला असतो.

गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. साध्या मीटरवर त्याचा रोध 6 ते 15 किलोओहमच्या आसपास दिसतो. पण वेटोळ्याच्या प्रेरकत्वामुळे (बदलत्या प्रवाहाला विरोध करण्याच्या गुणामुळे) चढ्या कंप्रतेला इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या संकेताला होणारा एकूण अडथळा, त्याच्या कितीतरी पट होतो. म्हणून समोरचे इनपुट सुमारे 1 मेगाओहमचे लागते. इंटरफेसवर ते ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झी’ या नावाने असते. कीबोर्ड, मिक्सर यांच्यासाठीचे लाइन इनपुट साधारण 10 किलोओहमचे असते, लॅपटॉपचा माइक जॅक तर बहुधा त्याहूनही कमी. तिथे गिटार लावली की ट्रेबल (आवाजातला वरचा, तीक्ष्ण भाग) मरतो आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. मागाहून इक्वलायझरने ट्रेबल चढवला तर वाढते ती मुख्यतः खरखर. इंटरफेस चांगला असूनही आवाज दबलेला वाटत असेल, तर आधी ‘इन्स्ट्रुमेंट’चे बटण दाबले आहे का ते पाहावे.

गेन (इंटरफेसमध्ये संकेत किती वाढवायचा ते प्रमाण) लावताना सगळ्यात जोरात वाजवून मीटर उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान ठेवतात. 24 बिटच्या ध्वनिमुद्रणात हळू आवाजालाही जागा भरपूर असते. पातळी लाल रेषेला भिडवून काहीच पदरात पडत नाही.

तार छेडल्यापासून आवाज कानी पडेपर्यंतचा उशीर म्हणजे लेटन्सी. संगणक आवाजाचे नमुने (सँपल) थोडे थोडे साठवून हाताळतो; त्या साठ्याला बफर म्हणतात. 48 किलोहर्ट्झला 128 सँपलचा बफर एका दिशेने सुमारे 2.7 मिलिसेकंद घेतो. जाणे-येणे आणि रूपांतर धरून आकडा दुपटीच्या वर जातो. एकूण 10 मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेकांना वाजवताना अडचण येत नाही. विंडोजवर यासाठी स्टाइनबर्गने 1997 साली आणलेल्या एएसआयओ पद्धतीचा ड्रायव्हर लागतो, तर मॅकमध्ये कोअर ऑडिओ मुळातच असतो.

डिस्टॉर्शन किरकिरे वाटले की दोष अँपच्या प्लगइनला, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या अँपला, दिला जातो. खरी उणीव बहुतेकदा कॅबिनेटची (स्पीकर बसवलेल्या खोक्याची) असते. गिटारचा स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वरचा भाग झपाट्याने कापतो. हेडफोन तो सगळा ऐकवतो. अँपनंतर कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे खऱ्या कॅबिनेटचा आवाजावर होणारा परिणाम टिपलेली फाइल, लावला की किरकिर बसते. अँप बदलत बसण्यापेक्षा हा रिस्पॉन्स बदलून पाहिल्यास आवाजात जास्त फरक पडतो.

खऱ्या अँपमधून संकेत घ्यायचा तर त्याचे लाइन आउट वापरावे. स्पीकर आउट इंटरफेसला कधीही जोडू नये: इंटरफेस जळू शकतो, आणि व्हॉल्व्हच्या अँपला स्पीकरचा भार न मिळाल्याने त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो.

सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप आसपासच्या विजेची घूं पकडतो. गिटार स्क्रीनपासून दूर, थोडी वळवून धरली की ती कमी होते. लॅपटॉपचा चार्जर काढताच आवाज स्वच्छ झाला, तर दोष अर्थिंगच्या वाटेत शोधावा.